सुनंदाच्या आईची साडी

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढा भाग गाळूनच बोलते, जणू त्याला ठाऊकच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? कुणास ठाऊक. जीव एका जागी बसत नाही म्हणून.

आधी पट्टीचं सांगते. — नाही, आधी सुनंदाचं सांगायला हवं. सुनंदा माझी धाकटी जाऊ, माहेर कोन गावचं. नारपोलीच्या चाळीत आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून. तिची आई गेली तेव्हा तिच्या वाट्याला एक सुती साडी आली. हिरवी, पांढऱ्या ठिपक्यांची. बरीचशी विरलेली, थोडा भाग धड. ती घेऊन माझ्याकडे आली. "ताई, याची गोधडी करून दे ना. तुझा हात सरळ हाय."

हात कसला सरळ! माझ्याकडे पट्टी होती. गोधडीचे तुकडे छाटायची खास पट्टी, जाड पारदर्शक प्लॅस्टिकची, मोबाइलवर बघून मागवलेली. दोन त्रिकोण जोडून चौकोन शिवायचा, पट्टीची तिरकी रेघ शिवणीवर बसवायची आणि फिरत्या पात्याच्या कटरने कडा सर्रकन छाटायच्या. सगळे चौकोन एकसारखे. चाळीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवायचे मी. तुम्ही बसा कात्रीनं कुरतडत, असंही म्हणाले होते एकदा. केवढा तोरा! एका पट्टीचा?

त्या पट्टीवर प्रत्येक मापाला दोन रेघा आहेत, एक अखंड आणि एक तुटक. छाटायचं अखंड रेघेवर, म्हणजे शिवणीपुरतं कापड चारी बाजूंनी उरतं. तुटक रेघ नुसती बघायला — शिवून झाल्यावर चौकोन केवढा दिसेल ते कळावं म्हणून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच तर सगळ्यांना शिकवत होते! पण त्या दुपारी शेजारीण येऊन बसली होती, मी तिला पट्टीचंच कौतुक सांगत होते, आणि बोलता बोलता सगळे चौकोन तुटक रेघेवर छाटून मोकळी झाले.

जोडायला घेतले तेव्हा कळलं. शिवण मारली की त्रिकोणांची टोकं आत जात होती. त्यांच्या मधेमधे लावायला आधीच कापून ठेवलेले साधे पांढरे चौकोन मोठे पडत होते. आणि साडीचं धड कापड तर मी सगळंच कापून बसले होते.

इथे थांबावंसं वाटतं. लोकांना वाटेल, चूक झाली बिचारीची, कुणाकडून होत नाही? पण थांबले तर हेही खोटंच होईल.

ते चौकोन वाया गेले नव्हते. पांढरे छाटून लहान केले असते तर गोधडी झाली असती — जरा तोकडी, टोकं तुटलेली, पण झाली असती. सुनंदानं ती तशीच छातीशी धरली असती. तिला कुठे माप बघायचं होतं? बायका काय म्हणतील, हेच माझ्या डोक्यात. मला लाज वाटत होती, आणि ती चूक झाल्याची नव्हती, हसं होण्याची होती.

माझे मिस्टर कापडाच्या लूमवर मेकॅनिक आहेत. तेल पुसायला घरातल्या चिंध्यांची पिशवी घेऊन जातात. त्या पिशवीत मी ते चौकोन भरले, वरून माझ्या जुन्या परकराची फडकी टाकली. त्यांनी आत बघितलंसुद्धा नाही.

मग दारावर बोहारीण आली. ती जुन्या साड्या घेते आणि भांडी देते. मी उलटंच केलं. तिच्या गाठोड्यात हात घालून तसलीच हिरवी, ठिपक्यांची साडी शोधून काढली. "भाभी, ये तो घिसी हुई है, अच्छीवाली ले लो ना," ती हसत म्हणाली. मला विरलेलीच हवी होती. कुणाची होती ती साडी? ती बाई आहे की गेली? मी विचारलं नाही. यावेळी चौकोन मात्र अगदी मापात आले.

सुनंदानं गोधडी हातात घेतली आणि त्यात तोंड खुपसलं. "ताई, आयचा वास हाय गो याला अजून." आणि रडायला लागली. मी गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "येणारच."

तेव्हापासून तिला ताप आला, सासूशी वाजलं, काहीही झालं की ती गोधडी अंगावर घेऊन पडते. भिंतीपलीकडे ती शांत झाल्याचं मला कळतं. आणि मला बरं वाटत नाही. कसं वाटेल?

गेल्या महिन्यात तिची बहीण आली, कमल. तिच्याकडे आईचं काहीच नाही. सुनंदा गोधडी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, अर्धी हिला कापून दे. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? दोघी समोर बसल्या, दोन टोकं ताणून धरली. मी पट्टी ठेवली. कापली. दोन्ही अर्ध्यांना नवी किनार लावून दिली.

निघताना कमल माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.