तुलनेसाठी एक निरोगी माणूस

“माझं बघा, अन् त्याचं तसं करा,” असं म्हणत काका टोपी काढायचे आणि टक्कल माझ्यापुढं वाकवायचे. तारा चिकटवायला इतकं सोयीचं डोकं मला पुन्हा मिळालं नाही.

मी ईईजी काढते, म्हणजे मेंदूच्या लहरींची नोंद घेते. आमच्या रुग्णालयात तेव्हा लकवा झालेल्यांवर संशोधन चालू होतं. झटक्यानंतर मेंदूच्या भागांचा एकमेकांशी संपर्क कुठं तुटतो, पुन्हा जुळतो का, हे लहरींवरून पाहायचं होतं. काकांच्या दोस्ताचा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. दोघांनी चितेगावच्या कारखान्यात तीस वर्षं एकाच पाळीत काढलेली. दर महिन्याला काका त्याला घेऊन यायचे. तुम्हीही दवाखान्याच्या बाकड्यावर अशी जोडी पाहिली असेल. एकजण अखंड बोलतोय, दुसरा नुसता बघतोय.

तुलनेसाठी त्याच वयाची निरोगी माणसं हवीत हे कळताच काका पुढं सरसावले. मी समजावलं, “काका, ही नुसती नोंद आहे. यानं ते बरे होणार नाहीत.”

“मॅडम, आमच्याकडं पास झालेला एक पीस टेबलावर ठेवायचे. बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे, अन् घासून बरोबर करायचे. मी तो पीस हाय.”

दोस्ताच्या डोक्यावर कानस चालवायचीच काय ती बाकी होती! मी हसले, पण त्यांना पुन्हा खोडून काढायला माझी जीभ रेटली नाही.

पीस खराब होऊ नये म्हणून त्यांनी तंबाखू सोडली. बायको जन्मभर त्यासाठी कानीकपाळी ओरडत होती. तिला आनंद झाला की राग आला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

नोंद चालू असताना मात्र ते ओठातल्या ओठात पुटपुटायचे आणि पडद्यावरच्या रेषा बिघडायच्या.

“काका, गप्प बसा ना.”

“गपच हाय. त्याचं नाव घ्यायलोय फक्त. त्यानं एकदा माझं घेतलं ना, की झालं. लई दिवस झाले कुणी मला अरेतुरेची हाक मारून.”

शेवटच्या नोंदीला दोस्त आला तो सुनेबरोबर. मी विचारलं, “काका नाही आले?”

“मागच्या महिन्यात वारले. छातीत कळ आली, अन् खलास,” सून म्हणाली.

तेवढ्यात दोस्तानं डावा हात वर करून तिला थांबवलं. जबडा दोनतीनदा हलला आणि त्यानं काकांचं नाव घेतलं. पूर्ण, स्वच्छ, एकेरी.

“मातीला जाऊन आल्यापासून एवढं एकच बोलायलेत,” सून म्हणाली.

मी खुर्ची पुढं केली, पण तो बसेना. दाराकडं बघत त्यानं पुन्हा हाक मारली आणि वाट पाहत उभा राहिला. मीही दाराकडं बघत राहिले.