झग्याचा मान

फादर बास्त्यान गेल्याला महिना उलटला. त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष माझ्यामुळे वाया गेलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे त्याच्याविषयी हसत लिहिताना मला माझीच लाज वाटेल... आणि हसल्याशिवाय त्याच्याविषयी लिहिणं जमणार नाही.

धर्मगुरू होण्यासाठी आम्ही दोघं अमरावतीच्या सेमिनरीत एकत्र शिकलो. पांढरा झगा मिळाला त्या दिवसापासून मी तो जपू लागलो; इस्त्री मोडू नये म्हणून प्रार्थनेत गुडघेही बेतानं टेकायचो. बास्त्यान मात्र झगा कमरेला खोचून कुणाच्याही बैलांना पाणी पाजायचा. एकदा रिद्धपूरच्या स्टँडवर त्याची एका महानुभाव साधूशी गट्टी जमली. आमचा काळा बरा, मळ दिसत नाही, असं बाबा म्हणाले. हा म्हणाला, "म्हनूनच आमाले पांढरा देला बाबा, चोरी पकडाले." दोघांच्या हसण्यात आमची बस गेली.

आमची घडण कशी चालली आहे हे पाहायला सेमिनरीचे प्रमुख, रेक्टर, एकेकाला बोलावून सोबत्यांविषयी विचारायचे. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की त्याला झग्याचा मान नाही. त्याची दीक्षा वर्षभर लांबली. कुणामुळे, ते त्याला कळलं नाही.

ते वर्ष त्याला मूर्तिजापूरकडे चर्चच्या कामाला धाडलं. मी भेटायला गेलो, तर झगा सायकलच्या चेनमध्ये अडकून काळा झालेला. शेजारची म्हातारी तो साबणानं घासत त्याला झापत होती, "काहून रे फादर, तुले पँट नाई का?" बनियनवर चहा पीत तो म्हणाला, "फादर व्हाचा हाय अजून, मावशे." तेही हसून. माझा चहा तसाच राहिला.

पुढे त्याला दीक्षा मिळाली, आणि तो गेला त्या गावांत पोरं झग्याला लोंबकळू लागली. मी मात्र गप्पच राहिलो, थेट अकोल्याच्या दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीपर्यंत. तिथे मी म्हणालो, सेमिनरीतलं एक मनात आहे. त्यानं उशाशी ठेवलेल्या जांभळ्या पट्टीकडे बोट केलं. पापनिवेदन ऐकताना आम्ही ती गळ्यात घालतो.

"पापनिवेदन करून राहिला का? मंग पट्टी दे. पन पट्टी घातली का माफ करनं माही ड्युटी. तसाच सांगशीन, तर मले भांडता येईन."

डोळे मिस्कील होते. पट्टी हातात घेतली असती तर किती सोपं झालं असतं... मी ती तिथेच राहू दिली आणि खुर्ची जवळ ओढली.

"बास्त्या, रेक्टरले तुह्याबद्दल सांगनारा मीच होतो. झग्याचं निमित्त होतं. तुह्या हसन्याचा मले हेवा वाटे. माफ कर मले."