पाठीवरचं पितळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. सुशीलाला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी वर्ख लावते. लाकडावर सोन्याचा पातळ पापुद्रा चढवायचं काम. नागपुरात शिकले, लग्न होऊन मोहाडीकडच्या या गावात आले तरी सोडलं नाही. सोन्याचा वर्ख तुम्ही कधी जवळून पाहिलाय? बोटानं उचलता येत नाही. कुंचला आधी गालावरून फिरवायचा; गालाचं तेलकटपण त्याला लागतं, तेवढ्यावर पान उचललं जातं. श्वास जोरात सोडला तरी उडतं. सुशीला, माझी धाकटी जाऊ, पहिल्यांदा बघायला बसली तेव्हा तिनं तोंडावर पदर धरला होता. पुढे तीही शिकली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता — हेही मी कधी बोलले नाही.

आमच्या विहारातल्या सागवानी बुद्धमूर्तीला सोनं चढवायचं ठरलं तेव्हा काम आम्हा दोघींकडे आलं. वर्ख गावानं मिळून आणून दिला. समोरचा भाग तिनं केला, पाठ मी.

आता — कसं सांगू? मला एक खोड आहे. सोनं हातात आलं की वाटतं, हे अमक्यावर कसं दिसेल? तळ्यातून आणलेलं कमळाचं एक वाळकं बोंड माझ्या खिडकीत पडलेलं होतं. काळपट, भोकाभोकांचं. त्या भोकांच्या कडांवर सोनं बसेल का? की सुरकुत्यांत फाटेल? दिवसभर डोक्यात तेच. मूर्तीची पाठ तर भिंतीकडे असणार होती. शिकताना वापरायचा पितळी वर्ख माझ्याजवळ होता. सुशीला जेवायला घरी गेली, आणि मी पाठीच्या खालच्या भागावर ते पितळ लावलं. तेवढं खरं सोनं पदराआड घरी नेलं.

बोंडावर बसलं. फार सुंदर बसलं — खोटं कशाला बोलू?

पुढच्या पावसाळ्यानंतर विहाराला रंग द्यायला मूर्ती हलवली, तर पाठ हिरवट काळी पडलेली. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, सुशीलाच्या हाताला घाम फार येते, मूर्ती बसवतानी मागून तिनंच धरली होती, तिचाच हात लागला असन. सुशीलानं आपले तळवे पाहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, घामानं होते का जी असं?"

खरं सोनं घामानं काळं पडत नाही. त्या गर्दीत हे खात्रीनं माहीत असलेली मी एकटीच होते.

"होऊ शकते," मी म्हणाले.

गावानं पुन्हा वर्ख आणला. मी पाठ खरवडून नव्यानं केली, या वेळी खऱ्या सोन्यानं, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सुशीलानं कुंचला परत हातात घेतला नाही. ती लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाऊ लागली.

त्या दिवसाकडे मी अजून वळून वळून बघते. बोंडाचं कुतूहल मला समजतं. पण तिच्या डोळ्यांत बघून 'होऊ शकते' म्हणणारी ती बाई — ती कोण होती? तिला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात सुशीलाच्या पोरीचं लग्न ठरलं. पोरीला द्यायला मी आरशाची एक लाकडी चौकट केली, आणि शेवटचं पान आईच्या हातून लागावं म्हणून सुशीलाला बोलावलं. ती आली. दोन्ही हात पाठीमागे धरून दारातच उभी राहिली.

"तुमीच लावा, ताई. माह्या हातानं पोरीचं सोनं काळं पडन."

घरात आम्ही दोघीच होतो. तेव्हा तरी सांगता आलं असतं.

मी मान डोलावली, आणि पान लावलं.