बाबांनी सरळ केलेली नंबर प्लेट

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात नेमकं काय चालतं हे घरी सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. 'प्रेझेंटेशन' म्हणजे काय ते आईला मी तीनदा समजावलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे शाळेत करायचीस ते भाषणच ना?" मी हो म्हटलं. तसं ते भाषणच होतं. रोजच्या वापरातली एक वस्तू घ्यायची आणि वर्गासमोर दहा मिनिटं तिच्याबद्दल इंग्रजीत बोलायचं.

कुणी कॉफीची किटली घेतली, कुणी चपला. मी गाडीची नंबर प्लेट घेतली. बाबा मस्कतच्या वादी कबीर भागात एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात, आम्ही राहतोही तिथून दोन गल्ल्या सोडून, आणि लहानपणी मी सगळ्यात जास्त काय वाचलं असेल तर गाड्यांच्या पाट्या. इथे घरच्या गाडीची पाटी पिवळी असते आणि धंद्याच्या गाडीची लाल. शाळेत असताना मला वाटायचं, जगात दोनच तऱ्हेचे लोक आहेत, पिवळे आणि लाल. गॅरेजचा पिकअप लाल पाटीचा. बाबा मला त्यातून शाळेत सोडायचे आणि मी त्यांना गेटच्या बरंच अलीकडे थांबवायचे.

"इथेच उतरते, पुढे गर्दी असते."

"खय गर्दी?" बाबा मान बाहेर काढून बघायचे. रस्त्यावर एक मांजरसुद्धा नसायचं.

हे सगळं मी वर्गात सांगणार होते. सांगावं की नको, असं मनात चाललं होतं, म्हणून आधी मॅडमना विचारलं. आमच्या मॅडम बोस्नियाच्या आहेत. चाळिशीच्या असतील. मोठ्याने हसतात, आणि कुणी चुकीचं इंग्रजी बोललं तर म्हणतात, घाबरू नका, माझंही उसनंच आहे. त्यांनी माझी लाल-पिवळ्याची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "मंगळवारी मला भेट."

मंगळवारी त्यांनी कपाटातून भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली एक नंबर प्लेट काढली. पांढरी, काळे आकडे, ऊनपावसाने फिकट झालेली. डाव्या बाजूचा चार बोटं पत्रा मागे दुमडून पार चपटा केलेला होता.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्यांच्या देशात मोठं युद्ध झालं. लोक एकाच देशातले, भाषाही एकमेकांना कळणारी, पण युद्धानंतर मधून एक रेघ गेली. रेघेच्या अलीकडच्या गाड्यांची पाटी वेगळी, पलीकडच्यांची वेगळी. गावाची अक्षरं कुठल्या लिपीत आहेत ते पाहिलं की आत बसलेली माणसं कुठल्या बाजूची ते लांबूनच कळायचं. मग कुणी शिव्या द्यायचं, कुणी दगड मारायचं, कुणी उगाच अडवून ठेवायचं. मॅडमची मावशी रेघेच्या पलीकडे राहायची, गाडीने चाळीस मिनिटांवर. तिला भेटायला जाताना एकदा त्यांच्या वडिलांनी गाडी झाडाखाली थांबवली, पाटीचं अक्षरांचं टोक मागे दुमडलं आणि वरून बुटाने ठोकलं. कुणी विचारलंच तर सांगायचं, मागून धडक बसली. मागच्या सीटवर बसलेल्या मॅडम तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या.

पुढे सगळ्या देशाला एकसारख्या पाट्या मिळाल्या. त्यांवरची अक्षरंसुद्धा दोन्ही लिपींत सारखीच दिसणारी निवडून घेतली. आता गाडी कुणाची ते कुणालाच ओळखता येत नाही. मॅडम हसून म्हणाल्या, "सुरुवातीला लोकांना करमेना. ट्रॅफिकमध्ये शिव्या द्यायच्या तर नेमक्या कुठल्या द्यायच्या?"

मग त्यांनी ती प्लेट पुन्हा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "वर्गाला दाखव. आणि गुरुवारी तुझं बोलणं झालं की परत दे. माझ्या वडिलांचं माझ्याजवळ एवढंच आहे."

मी म्हटलं, "प्रॉमिस." इतक्या जोरात म्हटलं की बाजूच्या टेबलावरच्या सरांनी वळून पाहिलं.

आता बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबांना चेपलेला पत्रा बघवत नाही. नातेवाइकांकडे गेलो तरी निघताना ते पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बंपरवरून हात फिरवत उभे असतात. माझ्या कंपासपेटीचं झाकण, आईचा पोहे ठेवायचा डबा, गॅस सिलिंडरची कड, सगळं त्यांनी कधी ना कधी ठोकून सरळ केलेलं आहे. हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी ते फडकं फ्रिजवर ठेवलं आणि बुधवारी कॉलेजला निघून गेले.

संध्याकाळी परत आले तर फ्रिजवर काही नाही. आई म्हणाली, "बाबा घेऊन गेलेत. म्हणाले, पोरगीला सरप्राइज." बाबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही.

थोड्या वेळाने बाबा आले. हातपाय न धुताच त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्लेट काढली आणि टेबलावर ठेवली. आरशासारखी सपाट! पांढरा रंग झळझळीत, आकडे काळे कुळकुळीत. डाव्या टोकाला मी कधीच न पाहिलेली दोन अक्षरं आणि एक छोटी ढाल.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? तुका कॉलेजात दाखवची हा ना? चेपललो पत्रो घेवन जातलंस?" बाबा खुशीत होते. "सकाळपासून त्याच्यारच बसललंय. अर्बाबान, आमच्या मालकान पन इचारल्यान, हा कुठल्या देशाचा नंबर? ह्यो बघ, दुमडीच्या आतली अक्षरा एकदम नवी होती. ऊनच लागूक नाय तेंका. मगे सगळे आकडे मी त्याच काळ्याक जुळवलंय."

मी त्यांना सगळं सांगितलं. झाड, मावशी, बूट. सांगताना मला रडू यायला लागलं आणि वाक्यं अर्धी इंग्रजीत जायला लागली, तशी आई मधे पडून बाबांना उरलेलं सांगू लागली, जे तिलाही नीट माहीत नव्हतं. बाबांचा चेहरा हळूहळू उतरला. ते खुर्चीवर बसले आणि प्लेटकडे बघत राहिले.

"माका काय ठावक," ते म्हणाले. मग प्लेट हातात घेऊन, "परत दुमडून देव?"

"बाबा!"

"नाय, तसा पन होवचा नाय. ॲल्युमिनियम हा. आता परत दुमडलो तर तुटतलो."

आई म्हणाली, "प्लेट गाडीखाली आली म्हणून सांगितलं तर?"

"गाडीखाली येऊन पॉलिश झाली?" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मीही मनात दोन-तीन खोटी कारणं घोळवून पाहिली होती, पण एकही टिकण्यासारखं नव्हतं. आणि मॅडमच्या समोर उभं राहून माझ्या तोंडून खोटं निघालंच नसतं.

"मीच येतंय उद्या," बाबा म्हणाले. "माझ्या हातान झाला. मीच सांगतंय तेंका."

गुरुवारी सकाळी बाबांनी अर्बाबकडून दोन तासांची सुट्टी घेतली आणि लग्नकार्याला घालायचा इस्त्रीचा शर्ट चढवला. पिकअप थेट कॉलेजच्या दारात आणून लावला. लाल पाटीची लाज वाटायलासुद्धा त्या दिवशी डोक्यात जागा नव्हती.

मॅडम खोलीत एकट्याच होत्या. बाबांनी पुन्हा त्याच फडक्यात गुंडाळलेली प्लेट दोन्ही हातांनी पुढे केली, प्रसादाचं ताट द्यावं तशी, आणि म्हणाले, "सॉरी मॅडम. आय डेंटर. माय मिस्टेक. शी नो मिस्टेक."

मॅडमनी फडकं उघडलं. जिथे घडी होती तिथून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा वर, एकदा खाली. मला वाटलं, आता मॅडम ही प्लेट कपाटात ठेवतील, 'थँक यू' म्हणतील आणि पुन्हा कधी माझ्याशी नीट बोलणार नाहीत. मी सारखी "आय ॲम सॉरी" म्हणत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग त्यांनी ती दोन अक्षरं वाचली. हळू, लहान मूल वाचतं तशी. म्हणाल्या, "त्या दिवसानंतर मी ही पाहिलीच नव्हती."

त्यांचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, ते मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही असेल. त्या म्हणाल्या, "मला ती घडी हवी होती. वडिलांना सांग, काम फार सुंदर आहे, पण मला ती घडी हवी होती."

मी मराठीत सांगितलं. बाबांनी मान डोलावली. मग खिशातून गॅरेजातली जाड पेन्सिल काढली, प्लेट उलटी केली आणि मागच्या बाजूला, जिथे रंग नव्हता, एक तिरकी रेघ मारली. वर थोडी आत, खाली थोडी बाहेर. मला म्हणाले, "सांग तेंका. घडी हयसून होती. मी चार तास त्याच्यार हात फिरवलंय, माझी रेघ चुकाची नाय."

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. "नो," त्या म्हणाल्या आणि बोट ठेवलं. "इथून. अर्धा इंच अलीकडे."

"नाय, नाय मॅडम. हिअर."

"हिअर," मॅडम म्हणाल्या.

"मेटल नो लाय, मॅडम!" बाबांनी नखाने पत्र्यावर टकटक केलं. मी त्यांचा शर्ट ओढला. माफी मागायला आलेला माणूस वाद घालायला लागला होता, आणि मॅडमही टेबलावर दोन्ही कोपर टेकून पुढे झुकल्या होत्या. दोघंही एकमेकांशी न बोलता माझ्याशीच बोलत होते. सांग त्यांना, पत्रा ताणला जातो. सांग त्यांना, वडिलांचा बूट कुठे पडला ते मी पाहिलंय. सांग, अशी घडी सरळ रेषेत बसत नसते. मी इकडून तिकडे सांगत होते आणि माझ्या लक्षात आलं की मॅडम हसताहेत.

शेवटी त्या म्हणाल्या, "सांग त्यांना, त्या गाडीत मी बसले होते."

मी सांगितलं. बाबा थांबले. त्यांनी अंगठा जिभेला लावून स्वतःची रेघ पुसली, पत्रा शर्टाच्या बाहीने कोरडा केला आणि मॅडमचं बोट होतं तिथून नवी रेघ मारली. मग पेन्सिल तशीच धरून त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमनी होकाराची मान हलवली. त्या बाबांना म्हणाल्या, "प्लीज, शेवटच्या बाकावर बसा. तुमची मुलगी बोलणार आहे."

मी बोलले. लाल आणि पिवळ्या पाटीचंही सांगितलं. दोनदा अडखळले. प्लेट वर्गात हातोहात फिरली आणि सगळ्यांनी ती उलटी करून पाहिली.

नंतर बाबांना सोडायला पार्किंगपर्यंत गेले. पिकअपमध्ये बसून त्यांनी दार लावलं, काच खाली केली आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "रेघ माझीच बरोबर होती हां."