गुरुजींची सतरंजी

गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या चौकात पत्रकं वाटत होतो. मथळा माझाच होता, ‘ग्रामसभा कोणाच्या बापाची?’ गुरुजींना तो मुळीच आवडला नव्हता. “बाप काहून आणतं मधात? लोकायले बसाले जागा दे आधी,” म्हणाले होते... पत्रकं तशीच हातात राहिली.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि निवृत्त झालेले गुरुजी आमच्यासोबतच नव्या गावठाणात आले. समाजमंदिरात एक लांब सतरंजी अंथरून त्यांनी संध्याकाळची शाळा सुरू केली. शिकवायचे काय, तर ग्रामसभेत उभं राहून आपला हक्क एका वाक्यात मागायला. गरज होतीच. आमच्या शेवटच्या गल्लीत नळ नव्हता, आणि त्याच समाजमंदिरात भरणाऱ्या सभेत साहेब लोक खुर्च्यांवर, माणसं खाली, बाया तर दाराबाहेर चपलांपाशी! याला लोकशाही म्हणायचं?

“साहेब, तुमी खाली या, नाहीतर आमी वर येतो,” गुरुजी एकदा म्हणाले. साहेब हसले. पुढच्या सभेला अख्खी गल्ली डोक्यावर खाटा घेऊन निघाली. गल्लीतली सुगंधाबाई दारातच खाट टाकून बसली. “बसा ना साहेब, लाजता कायले?” सगळे खो खो हसले. साहेब मुकाट्यानं सतरंजीवर आले, बाया आत आल्या. नळाचा ठराव झाला, नळ मात्र आला नाही. गुरुजी दर सभेला तेच विचारायला लावत. मी चिडायचो. ते म्हणायचे, “तू वरडून राहिला, बापू. इचारून पाहा.”

ते गेल्यानंतरच्या पहिल्याच सभेत खुर्च्या परत आल्या. बाया परत चपलांपाशी. मी ओरडलो, कोणी ऐकेना. तेवढ्यात गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, आल्या. आजवर सभेचा चहा घरून पाठवणाऱ्या काकू... डोक्यावर सतरंजीची गुंडाळी.

“पाय उचला साहेब, अंथरून राहिली.”

साहेब उठले. खुर्च्या सरकल्या. काकूंनी बायांना हाक मारली. गुरुजींच्या बसण्यानं विरलेला एक कोपरा आहे, तिथे सुगंधाबाई बसली, पदर सावरला आणि उभी राहिली.

“आमच्या गल्लीत नळ काहून नाही?”

सतरंजीवर बसलेलं सगळं गाव साहेबांकडे बघत होतं.