भिंतीवरचा सात

आत्या निवांत बसलेली मला आठवत नाही. जेवतानासुद्धा ती दोनदा उठायची, एकदा मीठ आणायला आणि एकदा आणलेलं मीठ परत ठेवायला. बाबा म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. मी म्हणायचे, भिंगरी निदान दमून आडवी तरी पडते. ही बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली आणि एकवीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात नोकरी केली. तिथे पाठीमागे सगळे तिला घाईबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि त्यावर रागवायला तिला सवड नव्हती.

अशा बाईच्या वाट्याला काम आलं ते थांबण्याचं. रुग्णालयाच्या चादरींवरचं रक्त आणि मलमं साध्या साबणाला दाद देत नाहीत, म्हणून गरम पाण्यात सोड्याचं जालीम द्रावण घालतात. हा सोडा कपड्यात उरला तर कातडी सोलवटते. तो मारायला शेवटच्या पाण्यात थोडं आम्ल घालायचं. ते काम मशीनवाले दादा करत. पण सोडा मेला की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि तिथे आत्या लागायची. ती अधूनमधून एखाद्या खेपेतल्या कपड्याचं टोक पिळून दोन थेंब कागदाच्या पट्टीवर पाडायची. पट्टीत मुरवलेले रंग पाण्याच्या स्वभावाप्रमाणे बदलतात. पाणी आंबट असलं तर पट्टी लालीकडे जाते, साबणासारखं असलं तर निळी होते, ना धड हे ना धड ते असलं की हिरवी. मग तो रंग डबीच्या झाकणावरच्या तक्त्याशी जुळवायचा. तक्त्यात एक ते चौदा आकडे, आणि मधला सात म्हणजे सोडाही नाही, आम्लही नाही. पट्टी भिजल्यावर रंग पक्का व्हायला पंधरा सेकंद थांबावं लागतं, आणि त्या पंधरा सेकंदांत आत्या आणखी तीन कामं उरकायची.

ओल्या हातांनी डबी धरा, झाकण फिरवा, तक्ता शोधा, एवढा धीर तिच्यात नव्हताच. एके दिवशी तिने कात्रीने झाकणावरचा तक्ता कापला आणि मोरीवरच्या खिडकीशेजारी भिंतीला चिकटवला. नजर वर केली की समोर आकडा, शिवाय उजेडही भरपूर. सगळ्यांनी तिच्या डोक्याचं कौतुक केलं. पुढे नव्या डब्या येत गेल्या, पट्ट्या संपल्या की झाकणासकट कचऱ्यात जात राहिल्या. आत्याने सात म्हटलं की दादा आम्ल ओतायचं थांबवत, बाकीच्या खेपांनाही तेवढंच घालत, आणि ती वहीत सात लिही. वर्षानुवर्षं त्या वहीत दुसरा आकडा क्वचितच आला.

मग बाळंतिणींच्या वॉर्डातून तक्रार आली. नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या पाठीवर आणि मांड्यांवर, नेमकं जिथे दुपटं लागतं तिथे, लाल चट्टे उठत होते. डॉक्टरांनी तेल बदललं, पावडर बंद केली, आणि शेवटी बोट धुलाईकडे वळलं. विभागाच्या साहेबांनी वही उघडली तर पानोपानी सात. त्यांनी निष्कर्ष काढला की बाई तपासतात तेवढीच खेप दादा नीट धुतात आणि बाकीच्यांत आम्ल घालायचा कंटाळा करतात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाच्या डोक्यावर असं खापर फुटलं. चौकशी होईपर्यंत सोमवारपासून घरी बसा, म्हणून सांगितलं. दादांनी मान डोलावली आणि मशीन पुसायला घेतलं.

त्या मान डोलावण्याने आत्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दादा कामचुकार नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण मग वही काय म्हणते? शनिवारी ती मशीनमधून काढलेलं एक ओलं दुपटं पिशवीत घालून आणि पट्ट्यांची कोरी डबी घेऊन घरी आली. रविवारी सकाळपासून तिने घर डोक्यावर घेतलं. लिंबू तपासलं, दूध तपासलं, भांड्यांचा साबण तपासला, बाबांच्या दाढीचं पाणी तपासलं. माझ्या चहात पट्टी बुडवली तेव्हा मी चिडले, तर तिने मलाच झाकण धरून उभं केलं.

शेवटी तिने दुपटं पिळलं. पट्टी निळी झाली. मी झाकणावर पाहिलं आणि म्हटलं, "नऊ."

"सात," आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली. "रोज हाच रंग असतो."

मी झाकण तिच्या नाकासमोर धरलं. झाकणावरचा सात पानासारखा हिरवा होता. तिने पट्टी पाहिली, झाकण पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली, आणि चपला घालून निघालीच. तिचा चेहरा बघून मीही मागोमाग पळाले.

धुलाईत रविवारी शुकशुकाट होता. आत्याने झाकण भिंतीवरच्या तक्त्याशेजारी धरलं. भिंतीवरचा सात निळा होता. इतक्या वर्षांच्या उन्हाने हिरव्यातला पिवळा खाऊन टाकला होता आणि मागे निळा उरला होता. तक्ता निळा होत गेला तशी निळी पट्टीही सात म्हणून खपू लागली, आणि दादांचं आम्ल थोडं थोडं कमी होत गेलं. ते इतकं हळू झालं की रोज बघणाऱ्याला कळलंच नाही. पट्टी रोज खरं सांगत होती. तिला ज्याच्याशी ताडून बघायचं तेच खोटं झालं होतं.

आता मी काय बोलले ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मी म्हटलं, फाडून टाक, नवा लाव, कुणाला कळणार आहे? चट्टे थांबले की दादाही सुटतील चौकशीतून.

 आत्याने नखाने कडा सोडवत तक्ता अख्खा काढला आणि वहीत ठेवला. 

सोमवारी साहेब यायच्या आधी ती त्यांच्या दाराशी उभी होती. वही, तक्ता आणि झाकण तिने टेबलावर मांडलं आणि कात्रीपासून सगळं सांगितलं. तिला तपासणीवरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवलं आणि तसं पत्र तिच्या फाइलीला लागलं. दादांना दुपारी परत बोलावलं. आत्या त्यांची माफी मागायला गेली तेव्हा त्यांनी आपले तळवे पुढे केले. सगळीकडे भेगा होत्या.

"दोन वर्षं होतंय हे," ते म्हणाले. "पाण्यात काहीतरी बिघडलंय असं वाटायचं मला."

"मग बोलला का नाहीत दादा?"

"तुम्ही सात म्हणत होतात ना, ताई."

ते रागाने म्हणाले असते तर तिला सोसलं असतं, असं ती नंतर आम्हाला म्हणाली. त्यांनी स्वतःच्या हातांपेक्षा तिच्या आकड्यावर विश्वास ठेवला होता, हे तिच्या मनातून जाईना. ती तशीच जिना चढून बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. एकवीस वर्षं तिने तिथली दुपटी तपासली, पण तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. माफी मागायची एवढंच ठरवलं होतं. कुणाची मागायची हे आत गेल्यावरही तिला कळेना, म्हणून ती पहिल्याच खाटेपाशी थांबली. खाटेवरची मुलगी माझ्याएवढी असेल. मांडीवर बाळ पालथं होतं आणि ती त्याच्या पाठीवर फुंकर घालत होती.

आत्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्या मुलीने तिच्या अंगातले विभागाचे कपडे पाहिले. उशाशी पडलेली मळकी दुपटी गोळा करून तिने आत्याच्या हातात दिली.

"मावशी, खाली धुणाऱ्या बाईंना तेवढं सांगाल का," ती म्हणाली, "बाळाला फार झोंबतंय."

आत्याने दुपटी छातीशी धरली.

"सांगते," ती म्हणाली.