मी पुढे, ती मागे

निघताना बायकोनं आरती मला ओवाळली. सायकली दोन, जाणारी माणसं दोन, पण कुंकू माझ्या कपाळाला आणि नारळ माझ्या चाकापुढे. लेक दोन्ही सायकली धरून उभी होती. आमचं घराणं मूळचं शिपाईगड्यांचं. देव्हाऱ्याशेजारी एक गंजकी तलवार आहे, दसऱ्याला तिची पूजा होते, आणि पुरुष लांबच्या प्रवासाला निघाला की आमच्या बायका अजून त्याला लढाईवर धाडल्यासारखं ओवाळतात. आमच्या अग्रहार वस्तीतली अख्खी गल्ली दारात आली होती. मग काय, छाती फुगलीच माझी.

खरं तर सगळा बेत लेकीचा. ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर सायकलनं कन्याकुमारीपर्यंत जायचं, वाटेत तंबू ठोकून राहायचं. वर्षभर ती पहाटे उठून चामुंडीचा डोंगर चढत होती. मी म्हटलं, "तीन पोरीच? आपल्या घरात असलं चालत नाही. मी येतो."

"अप्पा, तुम्हाला होणार नाही हो."

झालं! डोकंच फिरलं माझं. मेटगळ्ळीच्या कारखान्यात जन्मभर सायकलनं कामाला गेलेला माणूस मी, आणि मला होणार नाही? दोन दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. शेवटी ती माझ्यासाठी कोणाची तरी गिअरवाली सायकल घेऊन आली. मैत्रिणी शहाण्या. म्हणाल्या, "आम्ही पुढे होतो. दुसऱ्या रात्री कोळ्ळेगालला मुक्काम करू. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आलात तर बरोबर, नाहीतर आम्ही घाटाकडे निघणार."

आमच्याकडे बाईमाणसाबरोबर पुरुष असला की तो पुढे चालतो. तसाच मी पुढे, ती मागे. मधूनमधून ओरडायचो, "काय गं, दमलीस?" मागनं आवाज यायचा, "नाही अप्पा, तुम्ही जावा." दर मैलाला मी झाडाखाली थांबायचो, तिच्यासाठी म्हणून. धापा मात्र मीच टाकत असायचो. पहिल्या दिवशी टी. नरसीपूरसुद्धा गाठलं नाही. एका नारळाच्या बागेत मालकाला विचारून तंबू ठोकला. ठोकला तिनंच, पिशव्याही तिनंच सोडल्या-बांधल्या. मी घडीच्या स्टुलावर बसून सूचना देत होतो, आणि आमचा पितळी फिल्टर मी हट्टानं बरोबर घेतला होता म्हणून कॉफीही मागितली. मैत्रिणींचे फोन तिला सारखे येत होते. "येतोय गं, येतोय, उगाच सुम्ने काळजी करू नको," एवढंच ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी कसेबसे टी. नरसीपूरच्या पुलाअलीकडे आलो. चहाच्या टपरीवर चार माणसं जमली. कुठून, कुठे, वय काय, असं कन्नडात विचारायला लागली. मला तेवढंच हवं होतं. "कन्याकुमारी!" म्हटलं. कोणीतरी लेकीकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही?"

"येते मागनं रडतखडत," मी म्हणालो. "आजकालची पोरं, नुसती नावाला तरुण!"

सगळे हसले. ती शेजारीच ग्लास धरून उभी होती. तीही थोडी हसली.

तेवढ्यात एक टेम्पो आला, सायकली बाजूला घ्या म्हणाला. मी ऐटीत उठलो, तिची सायकल धरली, आणि ती माझ्या हातून सुटून धाडकन आडवी झाली. हलवेना! पिशवीचं तोंड सुटलं आणि रस्त्यावर माझा पितळी फिल्टर गडगडत गेला. मागोमाग माझं स्टूल, तंबूच्या लोखंडी मेखा, माझं घोंगडं. हे सगळं मी स्वतःच्या हातानं माझ्या पिशव्यांत भरलं होतं. माझ्या पिशव्या उघडल्या. आत दोघांची झोपायची पांघरुणं, हवेनं फुगलेली, आणि चुरमुरे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसं बघत होती. मी विचारलं, "कधी केलंस हे?"

"घरनंच," ती खाली बसून मेखा गोळा करत म्हणाली. "आईला माहीत आहे."

म्हणजे बायको रिकाम्या पिशव्यांना ओवाळत होती! आरतीच्या वेळी ती खाली बघून हसत होती, आणि मला वाटलं होतं, कौतुकानं.

तिचा फोन परत वाजला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि उचलला नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मी म्हटलं, "मी बसनं घरी जातो. माझं सगळं सामान घेऊन. तंबू तेवढा ने तू."

"नको अप्पा. गल्लीत काय म्हणतील तुम्हाला?"

अय्यो, एवढं होऊनही पोरीला काळजी माझ्या अब्रूची! मी रागानंच म्हणालो, "म्हणू देत काय म्हणायचं ते. ऊठ. अंधाराच्या आत कोळ्ळेगाल गाठ."

तिनं वाकून नमस्कार केला. मी घाईघाईनं माझ्या कपाळावरचं उरलंसुरलं कुंकू बोटानं तिला लावायला गेलो, पण ते घामानं कधीच गेलं होतं. नुसतं बोट टेकवलं.

मग ती सायकलवर बसली. टपरीतल्या माणसांसोबत मीही बघत राहिलो. बघता बघता तिनं दोन मोपेड मागे टाकल्या, पूल ओलांडला आणि दिसेनाशी झाली. माझी लेक इतकी जोरात सायकल मारते हे मला ठाऊकच नव्हतं. दोन दिवसांत मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.